वितीला चार बोटं कमी : गोष्ट एका डिकीची

नवी मोटार बाजारात आली की पुण्यात तिच्याभोवती घोळका जमायला वेळ लागत नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव हा सगळा मोटारींचा मुलूख. प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी ‘टेल्को’तून निवृत्त झालेलं असतं. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण ज्येष्ठ मंडळींच्या तोंडी अजून टेल्कोच. त्यामुळे मोटारीवर मत असणं हा इथल्या माणसाला आपला हक्क वाटतो, आणि मत विचारेपर्यंत थांबायची पद्धत आपल्याकडे नाहीच.

या घोळक्याचं एक निरीक्षण मी बरीच वर्षं करत आलो आहे. माणूस आधी गाडीचा चेहरा बघतो, मग दार उघडून आत डोकावतो. इथपर्यंत साधारण एकमत असतं. मग तो मागच्या बाजूला जातो, आणि तिथे मतं फुटतात. ‘मागून काही जमलं नाही बुवा’, हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा ‘पुढून जमलं नाही’ हे ऐकलेलं नाही. हे असं का होतं, आणि या मागच्या बाजूशी तुमच्या-आमच्या खिशाचा काय संबंध आहे, ते आज बघू.

आपण जिला सेडान म्हणतो ती मोटार म्हणजे बाजूने पाहिलं तर तीन खोकी. पहिलं इंजिनाचं, मधलं माणसांचं, तिसरं सामानाचं, म्हणजे डिकी. पहिल्या दोन खोक्यांत चित्रकाराला फारसं स्वातंत्र्य नसतं. इंजिन जेवढं आहे तेवढी जागा लागतेच. माणसाचे गुडघे, डोकं, पाठ यांची मापं ठरलेली. तिसऱ्या खोक्यावर मात्र इतकी बंधनं नाहीत. ते लांब करा, आखूड करा, उचला, उतरवा. म्हणून मोटारीचं रूप घडवणाऱ्यांनी आपली हौस पूर्वीपासून शेपटीवरच भागवली, आणि म्हणूनच वाद झाले तेही शेपटीवरून.

या हौसेचं माहेर अमेरिका. जनरल मोटर्स कंपनीत हार्ले अर्ल नावाचे रूपकार होते. लॉकहीड कंपनीच्या पी-३८ या लढाऊ विमानाची शेपटी त्यांच्या मनात भरली आणि १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीला मागे दोन छोटे उभे पंख आले. पुढे अकरा वर्षांत हे पंख वाढत वाढत १९५९ च्या कॅडिलॅकवर कळसाला पोचले. ती गाडी साडेपाच मीटरपेक्षा जास्त लांब होती. आपल्याकडे इमारतीत एका मोटारीसाठी धरतात ती जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर. म्हणजे ही कॅडिलॅक आज आपल्या पार्किंगमध्ये लावली तर तिचे पंख बाहेर रस्त्यावर येतील. त्या लांबीचा प्रवासाला उपयोग नव्हता. लांबी म्हणजेच श्रीमंती, हाच तिचा अर्थ होता.

हा अर्थ आपल्याकडेही पोचला होता. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्या बांधल्या. पुढे हिंदी चित्रपटांनी शेव्हरोले इम्पाला घराघरांत नेली. गाडी कधी पाहिलेली नसली तरी ‘इम्पालावाला’ म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. आणि गंमत म्हणजे याच कुर्ल्याच्या कारखान्यातून नंतर जी इटालियन घडणीची फियाट, म्हणजे आपली पद्मिनी बाहेर पडली, तिच्याही मागच्या कोपऱ्यांवर बारीक पंख होते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली, तोवर त्या अमेरिकी हौसेची ती धाकटी खूण आपल्यासमोर रोज धावत होती.

लांब शेपटीची अशी सवय लागल्यावर कुणी ती कापली तर काय होतं? त्याचा धडाही कॅडिलॅकनेच दिला. १९८० सालच्या तिच्या सेव्हिल या महागड्या सेडानची मागची काच उतरत आली आणि डिकीही तिच्याच तिरक्या उतारावर घसरत बंपरपर्यंत गेली. रूपकार बिल मिचेल यांच्या डोळ्यांपुढे १९५० च्या सुमारास हूपर या इंग्लिश कारागीर कंपनीने रोल्स-रॉइस आणि डेमलरवर चढवलेले बांधे होते. शौकिनांत सरळ दोन तट पडले. एकाला ती खानदानी वाटली, दुसऱ्याला मागून ठोकर बसल्यासारखी. क्रायस्लरची इम्पीरियल आणि फोर्ड घराण्यातली लिंकन कॉन्टिनेन्टल याही त्याच धाटणीच्या शेपट्या घेऊन आल्या. पण ते दशक संपेपर्यंत तिघींनीही ती धाटणी सोडली होती.

दुसरं उदाहरण जर्मनीचं. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात सेव्हन सिरीज ही आपली सर्वांत मोठी सेडान मांडली. कंपनीच्या रूपविभागाचे प्रमुख होते ख्रिस बँगल, हे अमेरिकी. या गाडीच्या डिकीचं झाकण बाजूच्या पत्र्यापेक्षा वर उचललेलं होतं. दुसऱ्याच कुठल्या गाडीचं झाकण आणून ठेवावं तसं. शौकीन इतके खवळले की बँगल यांना काढून टाका म्हणून इंटरनेटवर सह्यांची मोहीम निघाली. आणि झालं काय? गाडी उत्तम खपली. १९९५ पासून जिच्या गाड्यांची जुळणी आपल्या पुण्यात होते, त्या मर्सिडीजच्या २००५ च्या एस-क्लासची डिकीही थोडी तशीच उचललेली आली. जे आधी डोळ्यांत खुपलं, तेच चार-पाच वर्षांत नेहमीचं झालं.

म्हणजे शौकिनांची नापसंती कधी खरी ठरते, कधी विरून जाते. हा फरक ओळखायचा कसा? त्यासाठी आता परदेशातून घरी येऊ. आपल्याकडे डिकी कापली ती रूपकाराच्या हौसेने नाही, अर्थसंकल्पाने.

२००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी मोटार कोणती? लांबी चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. हिशोब करून बघा. कारखान्यात चार लाख किंमत असलेल्या गाडीवर २४ टक्क्यांनी ९६ हजार होतात, १६ टक्क्यांनी ६४ हजार. फरक ३२ हजारांचा. नोकरदार माणसाची पहिली मोटार घ्यायची की नाही, हे त्या काळी एवढ्या रकमेवर ठरत होतं.

आता टाटांची इंडिगो बघा. ही सेडान २००२ ची, पिंपरीच्या इंडिकाला मागे डिकी जोडून केलेली. लांबी ४१५० मिलिमीटर. म्हणजे अवघ्या पंधरा सेंटिमीटरसाठी ती महाग करात अडकत होती. जानेवारी २००८ मध्ये इंडिगो सीएस आली, लांबी ३९८८ मिलिमीटर. कापलं किती, तर सोळा सेंटिमीटर. आपल्या घरच्या मापात सांगायचं तर वितीला चार बोटं कमी. तेवढ्यावर ती ‘छोटी मोटार’ झाली. मारुतीची स्विफ्ट डिझायरही याच वाटेने गेली. २००८ ची डिझायर ४१६० मिलिमीटरची होती, २०१२ ची ३९९५. इथेही तेवढीच कात्री.

शौकिनांनी नाकं मुरडली. ‘दरवाजात शेपूट अडकलीय’, ‘पाठीवर दप्तर बांधलंय’, असे शेरे तेव्हा कुठेही ऐकू येत. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण त्यामागे भूमिती होती. या गाड्या मुळात डिकी नसलेल्या छोट्या गाड्यांवरून केलेल्या. मागे बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून छत उंच. छत उंच म्हणजे ते खाली उतरायला लांब अंतर हवं. ते अंतरच कायद्याने काढून घेतल्यावर मागची काच उभी उतरते, तिला लागून डिकीचा बुटका तुकडा येतो आणि गाडी एकदम संपते. पुढचा भाग एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा, असं डोळ्याला वाटतं ते यामुळे. चाकणला फोक्सवॅगनने खास भारतासाठी अमिओ बनवली, २०१६ मध्ये. ज्या पोलोवरून ती केली ती पोलोच ३९७१ मिलिमीटरची. तीन सेंटिमीटरही शिल्लक नव्हते, त्यात डिकी बसवायची होती! इंजिनिअरांनी ती बसवली, हे त्यांचं कसब. पण २०२० मध्ये अमिओ बंद झाली.

आता दुसरी बाजू. घोळक्यातला शौकीन गाडीभोवती फिरून जातो. कर्ज काढून ती घेणारं कुटुंब वेगळंच बघत असतं. आजीला मागे ताठ बसता येतं का? लग्नाच्या आहेराच्या बॅगा मावतात का? गावाहून येताना तांदळाचं पोतं कुठे ठेवायचं? या प्रश्नांना छोटी का होईना, झाकण असलेली डिकी हे उत्तर होतं. शिवाय ‘डिकीवाली गाडी’ या शब्दांना आपल्याकडे वजन आहे. त्यामुळे हसणारे हसत राहिले आणि २०१८ साली देशात सर्वांत जास्त खपलेली मोटार ठरली ती डिझायरच.

पण म्हणून शौकीन चुकले, असं मी म्हणणार नाही. कात्रीची किंमत कुणीतरी मोजत होतंच. पहिल्या डिझायरची डिकी ४४० लिटरची होती, कापल्यावर ती ३१६ लिटरवर आली. म्हणजे चौथ्या हिश्शापेक्षा जास्त जागा गेली. त्यात सीएनजीची टाकी बसली की राहिलेलीही गेली. लोहगाव विमानतळावरून चार माणसं आणि चार बॅगा घेऊन टॅक्सीने घरी आलेल्या कुणालाही हे सांगायला नको. एक बॅग मांडीवर येतेच. डोळ्याला जे विद्रूप दिसतं, ते पुष्कळदा सोयीलाही कुठेतरी आखूडच असतं.

आणि यातच मघाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. नापसंती दोन प्रकारची असते. एक अनोळखीपणाची. गाडी आतून-बाहेरून एका विचाराची असते, फक्त आपल्याला तिची सवय नसते. बीएमडब्ल्यूचं उचललेलं झाकण या जातीचं. अशी नापसंती दिवसागणिक उतरते. दुसरी तडजोडीची. एका मापाची गाडी दुसऱ्या मापात कोंबलेली असते आणि शिवण दिसत राहते. ही नापसंती सवयीने जात नाही. तिचा इलाज आराखड्यातच करावा लागतो. तो झालाही. २०१७ ची डिझायर जुन्या गाडीला कात्री लावून केलेली नव्हती, चार मीटरची मर्यादा पहिल्या रेघेपासून धरून आखलेली होती. छत खाली आलं, काच तिरपी झाली, आणि डिकी ३७८ लिटरवर गेली. त्याच वर्षी टाटांनी टिगोर आणली. तिच्यात छताचीच रेषा लांबवत डिकीपर्यंत नेली आणि चार मीटरच्या आत ४१९ लिटरची जागा काढली. चेष्टा कमी झाली ती लोक थकले म्हणून नव्हे, गाडी सुधारली म्हणून. टीका ऐकून घेण्याचा फायदा असा असतो.

हा विषय जुना झाला असं कुणी समजू नये. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, तरी चार मीटरची रेषा तशीच राहिली. सप्टेंबर २०२५ पासून तर ती अधिक ठळक झाली : रेषेच्या आतल्या छोट्या गाडीवर १८ टक्के, बाहेरच्या मोठ्या गाडीवर ४० टक्के. करापूर्वी सात लाखांच्या गाडीवर हा फरक दीड लाखाच्या पुढे जातो. हल्ली ज्या उंच, रुबाबदार छोट्या एसयूव्ही रस्तोरस्ती दिसतात, रांजणगावला तयार होणारी नेक्सॉन त्यांतलीच, त्यांतल्या पुष्कळशा याच मापात बसवलेल्या आहेत. त्यांच्यात तिसरं खोकंच नाही, त्यामुळे कात्रीची खूण दिसत नाही, इतकंच.

तेव्हा पुढच्या वेळी नवी गाडी बघायला गेलात की एक करा. तिच्यापासून दहा पावलं दूर, बाजूला उभे राहा. छताची रेषा मागे कुठे आणि कशी संपते ते बघा. मग डिकी उघडून घरची सर्वांत मोठी बॅग आत ठेवून बघा; विक्रेता हसला तर हसू द्या. डोळ्याला खटकलं आणि बॅगही अडली, तर आपली नापसंती पक्की समजा. डोळ्याला खटकलं पण बॅग सुखाने आत गेली, तर घाई करू नका, आठवडाभराने पुन्हा बघायला जा. हप्ते पाच-सात वर्षं भरायचे असतात. त्याआधी डोळ्याला एक आठवडा द्यायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)