पाचर आपल्या हाती हवी

आळेफाट्याहून अहिल्यानगरच्या दिशेने निघाले, की आणे घाट लागण्यापूर्वी बेल्हे येते. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचे हे गाव दूरवर ओळखले जाते ते सोमवारच्या आठवडे बाजारामुळे, आणि त्यातही बैलबाजारामुळे. बैल विकत घेणारा माणूस ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ठाऊक असेल, की दात पाहून झाले, खांद्यावरून हात फिरवून झाला, चार पावले चालवून झाले, तरी सौदा लगेच होत नाही. घरच्या दावणीला जो एक बैल आहे, त्याच्या उंचीला आणि चालीला हा मिळता आहे का, हे मनाशी ठरल्यावरच पैसे मोजले जातात. बैल नुसता चांगला असून भागत नाही, तो आपल्याला लागू पडावा लागतो.

अवजारांचेही असेच होते. सुताराने घडवून दिलेला लाकडी नांगर जसाच्या तसा शेतात जात नसे. जमीन काळी की मुरमाड, बैल उंच की बुटके, रुमण्यावर हात जाणत्या माणसाचा की पोरसवदा मुलाचा, हे पाहून नांगराच्या सांध्यातली पाचर ठोकून सैल किंवा घट्ट केली जाई. त्याबरोबर फाळ जमिनीत खोल जाई किंवा वर येई. पाचर म्हणजे लाकडाचा बोटभर तुकडा, पण सगळी मालकी त्या तुकड्यात होती. नांगर सुताराने केलेला असला, तरी पाचर शेतकऱ्याच्या हातात असे.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक यंत्र आहे, आणि घरात आणखी पाच-दहा. त्यांची पाचर कोठे असते आणि ती कोणाच्या हातात असते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. यंत्र जसे आले तसे वापरायचे आणि अडले की मुलाला किंवा नातीला हाक मारायची, असा आपला रिवाज.

बँकेत नोकरीची तीस-पस्तीस वर्षे काढल्यामुळे यंत्रे येताना मी फार जवळून पाहिली. रिझर्व्ह बँकेच्या डॉ. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर खतावणीची नोंद करणारी यंत्रे शाखांतून दिसू लागली. मी ज्या एका शाखेत होतो तेथे आलेल्या यंत्रात खातेदाराच्या नावासाठी मोजकेच रकाने होते. ज्याने ती आज्ञावली लिहिली, त्याच्या डोळ्यांसमोर नाव आणि आडनाव एवढाच मामला असावा. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि मग आडनाव. एकाच गावचे, एकाच भावकीतले चार-चार खातेदार यंत्रात शिरताना कापले गेले आणि पडद्यावर अगदी जुळ्या भावांसारखे एकसारखे दिसू लागले. आज्ञावलीला हात लावण्याची मुभा आम्हाला नव्हती. शेवटी आमच्या एका कारकून बाईंनी जाड पुठ्ठ्याची एक वही घातली. खाते क्रमांक, पूर्ण नाव आणि पुढे ओळखीची खूण, म्हणजे 'मळ्यातले', 'थोरले', 'डाव्या गालावर तीळ' वगैरे. कित्येक वर्षे त्या लाखमोलाच्या यंत्राशेजारी ती वही उघडी असे, आणि खरे सांगायचे तर शाखा त्या वहीवर चालत असे. यंत्र आमच्याकडे वाकत नव्हते, म्हणून माणसे यंत्राकडे वाकली. दुसरे काय!

बेल्ह्याच्या आसपासच्या शिवारात मात्र याच्या नेमके उलटे घडलेले दिसते. तेथे माणसांनी यंत्राला वाकवले आहे, आणि त्यामागे हौस नाही, गरज आहे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीने देण्याची पद्धत महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिली. रात्रीची पाळी असली, की मध्यरात्री उठून, बॅटरी घेऊन, विहिरीपर्यंत जायचे आणि स्टार्टरचे हिरवे बटण दाबायचे. इतरत्र ही नुसती झोपमोड असेल. जुन्नर आणि आंबेगावात मात्र उसाच्या फडात बिबट्या असतो. बिबटे येथे उसातच राहतात, उसातच त्यांची पिल्ले वाढतात. २००१ ते २००३ या काळात या भागात माणसांवर झालेल्या हल्ल्यांनी साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधले होते, आणि आजही तो धोका सरलेला नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. रात्री दोन वाजता घरचा माणूस मोटर चालू करायला बाहेर पडतो, तेव्हा तो परत येईपर्यंत घरातल्या बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. हिरव्या बटणापर्यंतचे दोनशे पावलांचे अंतर कापायचे कसे, हा येथला तांत्रिक प्रश्न होता.

त्याचे पहिले उत्तर अगदी गावठी होते. हिरवे बटण दाबून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधायचा, किंवा बांबूची चिपाटी खोचून ते दाबलेलेच ठेवायचे. वीज आली की मोटर आपोआप सुरू! नांगरातली पाचर अशी स्टार्टरमध्ये आली. मग बाजारात तयार 'ऑटो स्विच' आले. आणि मोबाइल स्वस्त झाल्यावर कोणाच्या तरी डोक्यात आले, की फोनची घंटी वाजते म्हणजे तेवढ्यापुरती वीज कोठे तरी वाहते. त्या विजेने रिले का ओढू नये? रिलेने स्टार्टर का ओढू नये? घरात पडलेला जुना फोन पेटीत बसवायचा आणि अंथरुणातूनच त्याला मिस्ड कॉल द्यायचा. खर्च शून्य. पुढे यात सुधारणा झाल्या. फोनवर आकडा दाबला की कानाला जो आवाज येतो, त्यात दोन सूर मिसळलेले असतात आणि प्रत्येक आकड्याची जोडी वेगळी असते. ती जोडी ओळखणारी चिप बसवली, की एक आकडा दाबून मोटर चालू आणि दुसरा दाबून बंद करता येते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' हे याच जातीचे नावाजलेले उपकरण. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. ज्या वस्तूचा जन्म बोलण्यासाठी झाला, तिला आपल्या शेतकऱ्यांनी आणि अभियंत्यांनी न बोलता पाणी सोडायला शिकवले.

येथवर ही गोष्ट कौतुकाची आहे. पण तिला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. मोटर सुरू होताना पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. शिवारातल्या सगळ्यांनीच बटणाला पाचर मारून ठेवली असेल, तर वीज येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात. दाब पडतो, मोटरी गुरगुरतात, आणि बिचारी डीपी जळते. ती बदलून येईपर्यंत सगळ्यांचीच पिके तहानलेली. म्हणून ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण पुन्हापुन्हा करीत आले आहे. एकेकट्याची सोय सगळ्यांनी एकाच वेळी केली, की ती सगळ्यांची गैरसोय होते. आमच्या बँकिंगच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक ठेवीदाराला आपले पैसे हवे तेव्हा काढण्याचा हक्क आहे, पण सगळे एकाच सकाळी रांगेत उभे राहिले तर कोणतीच बँक टिकत नाही.

यावर तोडगा काय? तो आपल्याच जुन्या रीतीत आहे. सामाईक विहिरीवर वाटेकऱ्यांच्या पाळ्या असत. आज थोरल्याची मोट, उद्या धाकट्याची. तीच पाळी यंत्राला शिकवता येते. वीज आल्यावर काही मिनिटे थांबून मग मोटर सुरू करणारे टायमर मिळतात. पहिल्याने दोन मिनिटे लावावीत, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने आठ. चार शेजारी एकत्र बसून एवढे ठरवतील, तर मोटरीही चालतील आणि डीपीही वाचेल. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे, हे वेगळे सांगायला नको. विजेशी सलगी बरी नव्हे. आणि मूळ दुखणे रात्रीच्या विजेचे आहे, हेही विसरायला नको. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. विहिरीवर सूर्य असतानाच पाणी देता आले, तर पाचरीची ही सारी कसरतच संपेल.

यंत्राला आपल्या परिस्थितीच्या मापाचे करून घेण्याचे याच तालुक्यातले सर्वांत मोठे उदाहरण आकाशाकडे तोंड करून उभे आहे. खोडद परिसरातली ती महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. परदेशी धाटणीने त्या पोलादी पत्र्याच्या करायच्या म्हटल्या असत्या, तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांचे दोर ताणून त्यांवर पोलादी तारेची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्च आटोक्यात येतो. पुढे आलेले संकेत जुळवण्याचे कामही या मंडळींनी बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांवर स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीने करून दाखवले. दुर्बिणीचा सांधान्‌सांधा ठाऊक होता, म्हणूनच काही वर्षांनी तिचे रिसिव्हर बदलून तिला नवी दृष्टी देणेही येथेच जमले.

आम्हा लिहिणाऱ्यांच्या वाट्याला असे आकाश आले नाही, पण एक अक्षर जरूर आले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. तेथल्या 'जिस्ट' तंत्राने संगणकाला देवनागरी वळण लावले, आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी मानकही ठरले. तरी खासगी फाँटची बजबजपुरी पुष्कळ वर्षे राहिली. एका संगणकावर लिहिलेले प्रकरण दुसऱ्यावर उघडले, की पाटीवर सांडलेल्या डाळ-तांदळासारखे दिसे. युनिकोडने ती भाषा एक केली. पण 'बॅट' लिहिता येई, आणि 'ॲसिड'मधले पहिले अक्षर आपल्या मराठी वळणाने लिहायचे तर जोडकाम करावे लागे. हिंदीचा 'ऍ' होता, आपला 'ॲ' नव्हता. मराठीची ही गरज ओळखली गेली आणि २००८ च्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. एवढ्याशा अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण ज्याच्या नावाचे अक्षरच यंत्रात नाही, त्याला बँकेतल्या त्या कापलेल्या खातेदारांची व्यथा समजेल.

आता घराकडे वळू. सोल्डरिंगची कांडी हातात न घेताही आज रविवारी करता येण्याजोगे पुष्कळ आहे. आजोबांच्या फोनमधली अक्षरे मोठी करा, भाषा मराठी करा. आईच्या फोनच्या पहिल्याच पडद्यावर चार माणसांचे फोटो असे लावा, की बोट टेकताच थेट फोन लागेल. फोनच्या शब्दसंग्रहात आपल्या घरातली नावे, गावे, पिके भरा, म्हणजे 'बेल्हे' लिहिताना तो 'बेल्ट' सुचवणार नाही. ज्या सूचनांची टिणटिण नको ती बंद करा. फोन बनवणाऱ्याने निवडून दिलेली मांडणी त्याच्या सोयीची आहे. ती आपल्या सोयीची करण्यात उद्धटपणा काही नाही. आणि हे करताना मुलांनी एक पथ्य पाळावे. वडीलधाऱ्यांच्या हातून फोन ओढून घेऊन झटपट करून देण्याऐवजी त्यांच्याच बोटाने ते करू द्यावे. वेळ लागेल, पण पुढच्या वेळी पाचर त्यांच्या हाती असेल.

मात्र सगळीच पाचर आपल्यासाठी मोकळी ठेवलेली नसते. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आज निम्मे संगणकच झाले आहेत. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करायचा, तर आतल्या आज्ञावलीला कुलूप आणि किल्ली कंपनीकडे. हा वाद इतका वाढला, की जानेवारी २०२५ मध्ये तेथल्या सरकारी व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा लावला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्कासाठी' समिती नेमली. मोबाइल, वाहने आणि टिकाऊ घरगुती वस्तूंच्या बरोबरीने शेतीची अवजारेही तिने विचारात घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात यासाठी एक पोर्टलही सुरू झाले. प्रश्न निकाली निघाला असे नव्हे, पण तो कागदावर आला हेही थोडे नाही.

नवा फोन, नवा पंप, नवा ट्रॅक्टर घेताना आपण किंमत विचारतो, हप्ता विचारतो, हमी किती वर्षांची ते विचारतो. त्यात आणखी दोन प्रश्नांची भर घालावी. हे बिघडले तर आळेफाट्याच्या कारागिराला उघडता येईल का? आणि मला हवे तसे ते बदलून घेता येईल का? दुकानदार गोंधळेल. पण दहा गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न विचारला, तर अकराव्याला उत्तर मिळेल. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेणाऱ्याने हा प्रश्न विचारायला कधी संकोच केला नाही. आपणच का करावा?