औषधांची वापर-मुदत
औषधांची वापर-मुदत : सांगितलेल्या रीतीने ठेवलेल्या औषधाची शक्ती व शुद्धता ज्या दिनांकापर्यंत विहित मर्यादेत राहण्याची हमी उत्पादक देतो, तो दिनांक वेष्टनावर छापलेला असतो. त्या दिवसानंतर औषध एकाएकी विषारी बनते, हा समज बरोबर नाही. भारतात मात्र १९४५ च्या औषध-नियमांनुसार मुदत संपलेले औषध विकता येत नाही.

कोरड्या गोळ्या पुष्कळदा टिकतात. अमेरिकेत लष्करी साठ्यांतील औषधांची अशी तपासणी १९८६ मध्ये सुरू झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १२२ औषधांच्या ३,००५ उत्पादन-गटांपैकी सु. ८८ टक्के गट मुदतीनंतर किमान एक वर्ष योग्य प्रतीचे राहिले. परंतु ती औषधे मूळ बंद वेष्टनात व योग्य तापमानात ठेवलेली होती. चुलीजवळच्या फळीवरील उघड्या बाटलीला हा निष्कर्ष लावता येत नाही. ॲस्पिरिनच्या गोळ्यांना ओल लागल्यास त्यांचे विघटन होऊन सॅलिसिलिक व ॲसिटिक अम्ले तयार होतात. बाटलीला येणारा व्हिनेगरसारखा वास ही त्याचीच खूण होय.

खरे भय विषबाधेपेक्षा औषध निष्प्रभ ठरण्याचे असते. इन्शुलीन, तीव्र ॲलर्जीवरील ॲड्रेनॅलीन व हृदयशूलावर जिभेखाली ठेवावयाची, बाष्पनशील नायट्रोग्लिसरिनाची गोळी यांच्या बाबतीत त्यामुळे प्राणावर बेतू शकते. विषारीपणाचे ठळक उदाहरण टेट्रासायक्लिनाचे आहे : विघटित टेट्रासायक्लिनामुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद १९६३ मध्ये झाली. लहान मुलांची प्रतिजैविक चूर्णे पाणी मिसळल्यावर बहुधा ७ ते १४ दिवसच उपयोगी राहतात. मग छापील दिनांक कितीही दूर असो.