लांब धाव आणि घरचा रविवार
२००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनसारख्या ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करणाऱ्यांचा रविवार बहुधा ‘लांब धावे’त, म्हणजे दमसास वाढवणाऱ्या दोन-तीन तासांच्या संथ धावण्यात जातो, मात्र या धावेची खरी किंमत शनिवारी नऊलाच मालवलेल्या दिव्यापासून सुरू होते, आणि धावून आलेली व्यक्ती दुपारभर आडवी पडली की भाजी निवडण्यापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सारे जोडीदाराच्या गळ्यात पडते. शरीरालाही वेळ द्यावा लागतो: अशा धावण्याला हृदय लवकर सरावते, हाडे व कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) सावकाश. म्हणून नडगीचे दुखणे अंगावर काढल्यास हाडाला बारीक चीर पडू शकते, जिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. विश्रांतीचा दिवस हाही सरावच असतो, आणि तो घराच्या वाट्याला आल्यास काही बिघडत नाही. शर्यतीत नाव नोंदवण्यापूर्वी पुढच्या चार महिन्यांचे रविवार दोघांनी मिळून ठरवावेत.