पत्त्यांची स्पर्धा : प्रवेशशुल्क आणि बक्षिसे

रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सत्यनारायण खटल्यात म्हटले. तथापि पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक वा क्लब नफा मिळवीत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो, असेही त्याच निकालात नमूद आहे. म्हणून स्पर्धेच्या आयोजकांनी आधी हिशेब मांडावा. ३२ खेळाडूंकडून प्रत्येकी ५० रुपये घेतल्यास १,६०० रुपये जमतात. ही रक्कम पत्ते, मंडप व चहापान यांवरच खर्च करावी. बक्षिसे देणगीदारांकडून, तीही वस्तुरूपाने मिळवावीत. जमाखर्च फलकावर लावावा. हरणाऱ्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली पाहिजे, ही खरी कसोटी होय.