दोष लेन्सचा की हवेचा? कबड्डीच्या मैदानावर टेलिफोटो तपासताना

समजा, सेकंडहँड ७०-२०० एफ २.८ लेन्स हाती आलीय. विकणाऱ्यानं तपासायला दोन दिवस दिलेत, अन् किंमत मोटरसायकलएवढी. आता पारखायची कशी? मी वर्ध्यात कबड्डीचे फोटो काढतो, म्हणून तिथल्याच हिशोबानं सांगतो.

पहिली गोष्ट, उन्हाळ्यात दुपारी तपासू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेल्या मैदानावरून गरम हवा लहरत वर येते, अन् लांबचा खेळाडू पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. शटर कितीही वाढवा, फोटो मऊच येणार. त्यात लेन्सचा काय दोष? सकाळी सहालाच मैदान गाठा.

आधी स्थिर चाचणी. भिंतीवर पेपर सपाट चिकटवा, समोर सरळ रेषेत ट्रायपॉड लावा. २०० एमएम, एफ २.८, अन् पेपरनं चौकट भरेल एवढं अंतर. फोटो मोठा करून बघा, चारही कोपऱ्यांत अनुस्वाराचं टिंब दिसतंय का? कोपरे थोडे मऊ असले तर चालतं. पण दरवेळी एकच बाजू पुसट येत असेल, तर आतलं भिंग सरकलेलं असू शकतं.

मग धावण्याची चाचणी. मित्राला तुमच्याकडे धावत यायला सांगा. शटर १/१०००, फोकस सलग चालू, एका दमात वीस फोटो. असं तीनदा करा अन् चेहरा नीट आलेले फोटो मोजा. दरवेळी चेहऱ्याऐवजी मागचंच स्पष्ट येत असेल, तर फोकस जुळवून घ्यावा लागेल.

आता रात्रीचे सामने. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ चौपट उजेड आत घेते, म्हणजे आयएसओ ६४०० ऐवजी १६०० वर भागतं. खरे पैसे याचेच. पण काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे एक फोटो उजळ, दुसरा काळपट येतो. तोही दोष लेन्सचा नाही. कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करायची सेटिंग असेल तर ती लावा.

शेवटी पल्ला. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २०० एमएमला वीस मीटरवरून साधारण ३.६ मीटर रुंदी दिसते. चढाई करणारा अन् दोन-तीन बचावपटू मस्त मावतात. क्रिकेटच्या सीमारेषेवरून मात्र फलंदाज बारकासाच दिसेल.

म्हणून घ्यायच्या आधी स्वतःला एकच विचारा, आपण खेळ कोणता टिपणार?