घरी परतण्याचे कागद

हळद शिजवण्याचे दिवस होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमत भागातल्या कोणत्याही गावात जा, वाफाळलेल्या हळदीचा मातकट वास आधी येतो आणि गाव नंतर. त्या दिवसांत माझ्या एका जुन्या मित्राचा थोरला मुलगा मेलबर्नहून तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता. मला भेटायला आला तो प्लॅस्टिकची फाइल काखेत घेऊनच. मी कादंबऱ्या लिहितो हे आमच्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण त्यासाठी कोणी येत नाही. येतात ते मी बँकेत होतो म्हणून.

"काका, आम्ही कायमचं परत यायचं ठरवलंय," तो म्हणाला. "व्हिसाचं काय करावं लागेल?"

ज्या गावात याची नाळ पुरली, त्या गावात यायला याला व्हिसा! मला हसू आले, पण प्रश्न अगदी बरोबर होता. टेबलावर त्याने ठेवलेल्या पासपोर्टवर कांगारू आणि इमू समोरासमोर उभे होते. कायद्याच्या भाषेत माझ्यासमोर बसलेला तो मुलगा ऑस्ट्रेलियन होता, आणि ऑस्ट्रेलिया सोडून परदेशात, म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यात, स्थायिक व्हायला निघाला होता.

यात माझाही थोडा दोष आहे. २००६ साली हा मुलगा शिकायला निघाला तेव्हा त्याच्या शैक्षणिक कर्जाची फाइल माझ्याच टेबलावरून गेली. प्रवेशपत्र, वडिलांचे उत्पन्न, तारण, हमी, फीचा हप्ता कधी पाठवायचा, सगळे मी दोनदोनदा तपासले. निघताना हार घातला. पण 'उद्या तिथले नागरिकत्व घेशील तेव्हा इथले काय काय सुटेल' हे मी त्याला सांगितले नाही, आणि खरे तर मलाही तेव्हा ते नीट ठाऊक नव्हते. जाण्याची तयारी सारे गाव मिळून करते. परतण्याची तयारी कोणीच करत नाही, कारण तो विषय काढणे म्हणजे अपशकुन वाटतो.

२०१३ साली त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतले. तिथल्या कायद्याला दुसरे नागरिकत्व चालते. ४ एप्रिल २००२ पासून ती मुभा आहे. आपल्या कायद्याला चालत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते की, स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपले. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, कोणी नोटीस पाठवत नाही. जुना पासपोर्ट दूतावासात जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यायचे, एवढेच उरते. त्याने ते केले होते. पुष्कळ जण करत नाहीत. जुना भारतीय पासपोर्ट आठवण म्हणून कपाटात ठेवतात आणि पुढे प्रत्येक कामात अडकतात.

मग ओसीआय कार्ड. पूर्ण नाव 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. नावात सिटिझन हा शब्द आहे आणि सारा घोटाळा त्या शब्दानेच केला आहे. २००५ च्या दुरुस्तीने ही सोय आली, २००६ च्या जानेवारीत हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात पहिली कार्डे दिली गेली. त्याआधीचे पीआयओ कार्ड २०१५ मध्ये यातच विलीन झाले. हे कार्ड नागरिकत्व नव्हे. तो आजन्म चालणारा व्हिसा आहे, बाकी काही नाही. मात्र व्हिसा म्हणून तो उत्तम आहे: कितीदाही या, कितीही वर्षे राहा, पोलिसांकडे नोंदणी नको, नोकरी करा, धंदा करा, घर घ्या. मतदान नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही. संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार अशा काही कामांना वेगळी परवानगी लागते.

त्याच्याकडे, बायकोकडे आणि दोन्ही मुलांकडे ही कार्डे होती. म्हणजे व्हिसाचा प्रश्न मी दोन मिनिटांत निकालात काढला. (बायको परभणीची, म्हणून हे सोपे गेले. आमच्याच गल्लीतल्या एकाच्या पुतण्याने तिकडची मुलगी केली आहे. तिला हे कार्ड लग्नाची नोंद होऊन सलग दोन वर्षे संसार झाल्यावरच मागता येईल. तोवर नवऱ्याच्या नात्यावर मिळणारा एन्ट्री व्हिसा, आणि लांबच्या मुक्कामाला परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकांकडे असते.)

"मग झालं की," तो म्हणाला. फाइल बंद करायला लागला.

"थांब," मी म्हणालो. "जमिनीचं काय?"

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. कारण तो खरा आला होता तो त्यासाठीच. वडिलांची नऊ एकर. त्यातली पाच वडिलोपार्जित आणि चार हळदीच्या पैशावर स्वतः घेतलेली. वडील आता ऐंशीला टेकलेले. थोरला येतोय म्हटल्यावर त्यांनी मनाशी ठरवून टाकले की, ती चार एकर आजच त्याच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायची. शेजारची दोन एकर विकाऊ आहे, ती याने घ्यायची आणि मळ्यात घर बांधायचे. साधे, सरळ स्वप्न. त्यातले एकही कलम कायद्यात बसत नव्हते.

ओसीआय कार्ड असलेल्याला शेतजमीन, मळा, फार्महाउस विकत घेता येत नाही. बक्षीस म्हणूनही घेता येत नाही, अगदी बापाकडूनही नाही. घर, प्लॉट, दुकान हवी तितकी घ्या. हिंगोलीत बंगला बांधा. पण सातबाऱ्यावरचे शेत नाही. मिळू शकते ते फक्त वारशाने. म्हणजे बाप जिवंत आहे तोवर मुलाला देऊ शकत नाही, गेल्यावर मात्र मृत्युपत्राने ते मुलाकडे येऊ शकते. हा नियम मी त्याला सांगितला तेव्हा तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याच्या वडिलांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी मरायची वाट बघायची का त्यानं?" यावर कोणत्या परिपत्रकात उत्तर आहे?

वडिलोपार्जित पाच एकरांचे गणित निराळे आहे. तिथे हक्क जन्माने येतो, आणि नागरिकत्व बदलल्यावर वाटणीत त्याचे काय करायचे हे चांगल्या वकिलाला विचारूनच ठरवावे. बँकवाल्याच्या सल्ल्यावर नाही. पण एक गोष्ट मी तिथेच बोललो आणि बैठकीत शांतता पसरली. हिंगोलीला दिलेली लेक कोणाच्याच बोलण्यात नव्हती. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा १९९४ मध्येच दिला, केंद्राने २००५ मध्ये. परक्या देशाच्या मुलाच्या हक्काची चर्चा चार तास चालते आणि पंचवीस किलोमीटरवरच्या मुलीचे नाव कागदावर येत नाही, हे आपल्याकडे नवे नाही.

आणि धाकटा. तो सारा वेळ दारात उभा होता. गेली अठरा-एकोणीस वर्षे बेणे लावण्यापासून हळद हिंगोलीच्या बाजारात नेईपर्यंत सगळे त्याने केले आहे. दादा येतोय याचा त्याला आनंद होता, धास्तीही होती, आणि दोन्ही खरे होते. त्याला वाटत होते की, कायदाच आड येतोय तर बरेच झाले. तसे तो बोलला नाही. मी इतकी वर्षे कर्जदारांचे चेहरे वाचले आहेत.

माझे आजोबा सांगत, निजामाच्या राज्यात पैनगंगा ओलांडून वाशीमला जायचे म्हणजे परमुलुखात जायचे. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. सात हालीला सहा कलदार हा भाव. करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे. संस्थानात नोकरी हवी तर 'मुल्की' असल्याचा दाखला, म्हणजे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा. इथे जन्मलेले लोकही तो दाखला काढण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवत. १९४८ च्या सप्टेंबरनंतर ते नाके गेले. माणूस कुठला हे कागदाने ठरवण्याची सवय मात्र त्याहून जुनी असावी.

पुढचे दोन दिवस आम्ही पैशांचा हिशेब केला. इथे माझा हात चालतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. परतण्याचा विचार असलेल्या इतर घरांनाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट मेलबर्नच्या घराची. तो म्हणत होता, आधी इकडे येऊ, दोन वर्षे भाड्याने देऊ, मग निवांत विकू. मी म्हटले, तिकडच्या कर सल्लागाराला आजच फोन कर. ऑस्ट्रेलियात राहत्या घराच्या विक्रीच्या नफ्यावर जी करमाफी मिळते, ती करदृष्ट्या परदेशी रहिवासी झालेल्याला २०२० च्या जुलैपासून मिळत नाही. विमानात बसण्याआधी विकले तर एक हिशेब, नंतर विकले तर दुसरा. ही एक गोष्ट कळली तरी त्याच्या तिकिटाचे पैसे वसूल झाले असतील.

दुसरी, तिकडचा निवृत्ती निधी, ज्याला ते सुपर म्हणतात. हा गडी आता अठ्ठेचाळीसचा. ती रक्कम साठीपर्यंत हलत नाही. तात्पुरत्या व्हिसावरचे लोक देश सोडताना काढू शकतात, नागरिकाला ती सोय नाही. म्हणजे पहिली बारा वर्षे त्या पैशावर डोळा ठेवायचा नाही. तिकडचे सरकारी वृद्धापवेतन सदुसष्टाव्या वर्षी, तेही उत्पन्न आणि मालमत्ता पाहून. बाहेर राहणाऱ्याला सव्वीस आठवड्यांनंतर ते पस्तीस वर्षांच्या प्रमाणात मिळते, म्हणजे याची एकोणीस वर्षे धरली तर निम्म्याहून थोडे जास्त. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात यासाठी करार आहे. सही २०१४ मध्ये झाली, अंमल १ जानेवारी २०१६ पासून.

तिसरी, इकडचा प्राप्तिकर. इतकी वर्षे बाहेर राहून आलेल्याला पहिली दोन-तीन वर्षे 'निवासी, पण सर्वसाधारण निवासी नाही' असा एक दर्जा मिळतो. त्या काळात तिकडच्या व्याजावर, भाड्यावर इथे सहसा कर लागत नाही. कोणत्या महिन्यात यायचे यालाही महत्त्व आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की माणूस निवासी. ऑक्टोबरच्या मध्यानंतर आला, आणि आधीच्या चार वर्षांत मिळून इथे वर्षभर राहिलेला नसला, तर ते वर्ष अनिवासी म्हणूनच जाते. दिवाळीला या, असे मी म्हणालो तेव्हा त्याच्या आईला वाटले मी सणाचे बोलतोय.

चौथी, बँकेची. परत आल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवायचे आणि ते साध्या निवासी खात्यात किंवा परकी चलनाच्या आरएफसी खात्यात बदलून घ्यायचे. एफसीएनआर ठेव मुदतीपर्यंत राहू शकते. उलट चूक याहून सर्रास. बाहेर गेलेल्या पोराचे गावच्या शाखेतले बचत खाते बाप वर्षानुवर्षे तसेच चालवतो. ते खरे तर जातानाच एनआरओ व्हायला हवे होते. याचेही तसेच निघाले. ते खाते माझ्याच काळातले, म्हणून मी गप्प बसलो.

आधार कार्डासाठी त्याला आल्यावर १८२ दिवस थांबावे लागेल. तोवर गॅसपासून सगळीकडे ओसीआय कार्ड दाखवत फिरायचे आणि काउंटरमागच्या पोराला ते काय आहे हे समजावून सांगायचे.

मुलांचा विषय त्याच्या बायकोने काढला. थोरली पंधराची, तिला डॉक्टर व्हायचे आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने नीटच्या प्रवेशात ओसीआय मुलांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरतेच ठेवले आहे. भारतीय नागरिकांसाठीच्या जागा त्यांना नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आधी कार्ड मिळालेल्यांना यातून वगळले, म्हणून कार्डावरची तारीख पाहिली. तिचे कार्ड २०१२ चे, तिच्या जन्मानंतर लगेच काढलेले. धाकट्याचे २०२२ चे. एका घरात दोन मुले, दोन नियम.

"मी पुन्हा भारताचा नागरिक झालो तर?" त्याने शेवटी विचारले. होता येते. ओसीआय म्हणून पाच वर्षे झालेली हवीत, अर्जाआधी बारा महिने इथे वास्तव्य हवे, आणि ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडायची तयारी हवी. मग जमीन घ्या, मत द्या. बायकोने लगेच मान हलवली: मुलांचे शिक्षण होईपर्यंत नाही. त्याचा मेलबर्नमधला एक मराठी मित्र आहे, त्याने नागरिकत्व घेतलेच नाही, कायम निवासाच्या व्हिसावर राहिला आणि भारतीय पासपोर्ट जपला. त्याला इथली सारी दारे उघडी, पण परत जायचे दार दर पाच वर्षांनी तपासून घ्यावे लागते. पाच वर्षांत दोन वर्षे तिथे काढली नसतील तर रिटर्न व्हिसाला अडचण. दोन्ही हात मोकळे कोणाचेच नाहीत.

तो परत जाण्याआधी दोन दिवस आम्ही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. पण खेड्यात नोंदवलेले बरे. चार एकरांपैकी दोन थोरल्याला, दोन धाकट्याला; विहीर सामाईक; लेकीला हिंगोलीतला प्लॉट, आणि वडिलोपार्जितात तिचा हक्क अबाधित असल्याचे स्पष्ट वाक्य. ते वाक्य धाकट्याने सुचवले, याची मी नोंद करून ठेवतो. दोन साक्षीदार झाले.

मसुद्यात थोरल्याच्या नावापुढे मी 'ऑस्ट्रेलियाचे नागरिक, ओसीआय कार्डधारक' असे लिहिले होते, पुढे वाद नको म्हणून. म्हाताऱ्याने ते बोटाने ओळ धरून वाचले. मग म्हणाले, "हे राहू द्या. पण याच्या आधी 'मूळ राहणार' लिहून गावाचं नाव घाला." कायद्याने त्याची गरज नव्हती. मी ओळ वाढवली, पान पुन्हा टाइप करावे लागले, आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली म्हणून आम्हाला तीनपर्यंत थांबावे लागले.