बंदरावर उतरताना

गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको मुंबईहून जहाजाने गोव्याला जाऊन आलो. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलाने तिकिटं काढून दिली होती. स्वतःच्या खिशातून मी काही ती काढली नसती. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, जहाज केवढं होतं, मळमळलं का, जेवण कसं होतं. गोव्यात जहाज दिवसभर उभं होतं तेव्हा तुम्ही काय केलंत, हे मात्र कुणी विचारत नाही. मला आज बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

जहाज बंदराला लागलं की प्रवाशाला उतरता येतं. जहाजाची माणसं बसमधून फिरवून आणण्याची सहल विकतात. ती सोयीची असते, आणि महाग. ती नको असेल तर बंदराच्या दाराशी टॅक्सीवाले उभे असतातच. तिसरा मार्ग म्हणजे आपण आपलं एस.टी.च्या बसने जायचं, पाहायचं आणि परत यायचं. हा तिसरा मार्ग कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो, कारण तो सांगून कुणाला चार पैसे मिळत नाहीत. आम्ही तो धरला. त्यात आमची एक चूकही झाली. तीही सांगतो, कारण तुमच्या उपयोगाची तीच आहे.

नाशिककराला खरं तर हे गणित शिकवायला नको. १९७५ पासून पंचवटी एक्स्प्रेस आपल्याला तेच शिकवते आहे. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड, अकराच्या आत व्हीटी आणि संध्याकाळी सव्वासहाला परतीची गाडी. मधल्या सात तासांत कुणी मंत्रालयात फाइल पाहून येतो, कुणी टाटा हॉस्पिटलात रिपोर्ट दाखवतो, कुणी क्रॉफर्ड मार्केटात लग्नाची खरेदी उरकतो. पाच वाजले की तो जिथे असेल तिथून व्हीटीच्या दिशेने सरकू लागतो. कुणी सांगावं लागत नाही. बंदरावरचा दिवस म्हणजे हेच, फक्त एक फरक आहे. पंचवटी चुकली तर मागून दुसरी गाडी मिळते, नाहीतर कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे घाटातून जीप. जहाज चुकलं तर मागून दुसरं जहाज येत नसतं.

म्हणून हिशोब शेवटाकडून करायचा. आमच्या जहाजावर आदल्या रात्री खोलीत एक कागद आला. त्यावर दोन वेळा होत्या: जहाज सुटणार साडेपाचला, आणि प्रवाशांनी जहाजावर परतायचं साडेचारला. पुष्कळ जण पहिली वेळ लक्षात ठेवतात. आपल्या कामाची दुसरी. साडेचार ही वेळ मी वहीच्या तळाशी लिहिली आणि वर चढत गेलो. एक तास राखीव, म्हणजे बंदराच्या दाराशी साडेतीनला पोहोचायचं. त्यासाठी वास्कोच्या स्टँडवर तीनच्या आत उतरायचं. पणजीहून वास्कोला येणारी बस तासाभरात येते, पण पावणेदोनलाच पकडायची. जुन्या गोव्याहून पणजी वीसएक मिनिटं, बसची वाट पाहणं वेगळं. तेव्हा जुनं गोवं सोडायचं एकला.

आता सकाळकडून या. जहाज नऊला लागलं. सगळे एकदम उतरायला धावतात, रांग असते, ओळखपत्र पाहतात. पावणेदहाला आम्ही बाहेर, सव्वादहाला वास्कोचा स्टँड, सव्वाअकराला पणजी, पावणेबाराला जुनं गोवं. जहाज साडेआठ तास बंदरात, आणि पाहण्याच्या जागी आपण किती? सव्वा तास. हा आकडा वहीत आला तेव्हा मी जरा खट्टू झालो. पण तो घरबसल्या कळलेला बरा. कळल्यावर माणूस एका दिवसात कळंगुट, मंगेशी, जुनं गोवं आणि मिरामार असे बेत आखत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायची. बंदर आणि गाव एक नसतात. जहाजाच्या तिकिटावर 'गोवा' लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं मुरगावला, जुवारी नदीच्या मुखावर. तिथून वास्को शहर चारेक किलोमीटर आणि पणजी तीस. जगभर हीच गत आहे. युरोपातल्या जहाजांच्या जाहिरातीत 'रोम' म्हणतात, ते बंदर असतं चिव्हितावेक्या, रोमपासून सत्तरएक किलोमीटरवर. आगगाडीने तास-सव्वा तास. 'बँकॉक' म्हणतात ते बहुधा लाएम चाबांग, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त. त्या मानाने आपली मुंबई भाग्यवान. बॅलार्ड पिअरला उतरलेला माणूस पायी व्हीटीला जाऊ शकतो. तेव्हा बंदराचं खरं नाव काय आणि तिथून जवळचा बसस्टँड किंवा स्टेशन कोणतं, ही दोन उत्तरं घर सोडण्यापूर्वी कागदावर हवीत. बाकीची माहिती वाटेत मिळते.

मुरगावच्या दाराबाहेर टॅक्सीवाल्यांनी आम्हाला घेरलं. "काका, अख्खं गोवा दाखवतो." मी म्हटलं, अख्खं नको, वास्कोचा स्टँड दाखवा. एक रिक्षावाला हसला आणि बसा म्हणाला. बंदराच्या बाजूने वास्कोत जाणाऱ्या लहान बसही असतात, पण पहिल्या टप्प्याला वेळ वाया घालवू नये असं माझं मत. पैसे वाचवायचे ते लांबच्या टप्प्यावर.

वास्कोहून पणजीला कदंब महामंडळाच्या शटल बस सुटतात. हे महामंडळ १९८० सालचं, म्हणजे आपल्या एस.टी.चं धाकटं भावंड. शटलची पद्धत आपल्याकडच्याहून वेगळी. तिकीट आधी खिडकीवर काढायचं, मग बसायचं. उभ्याने प्रवास नाही आणि मधे थांबाही नाही. बस भरली की सुटते. शेजारी खासगी बस उभ्या असतात, त्यांचे कंडक्टर पणजी-पणजी ओरडत असतात. त्या दर नाक्यावर थांबतात. जाताना वेळ असेल तर त्यांत जरूर बसा, गोव्याची कोकणी कानावर पडते, माशाच्या टोपल्या चढतात-उतरतात. येताना मात्र शटलच.

कुठ्ठाळीला बस जुवारीच्या नव्या पुलावर चढते. १९८३ मध्ये पहिला पूल झाला, त्याआधी इथे फेरीबोटीने नदी ओलांडावी लागे. त्या पुलावरची कोंडी पुढे कुप्रसिद्ध झाली. २०२२ च्या डिसेंबरात नव्या केबलच्या पुलाची एक बाजू आणि वर्षभराने दुसरी खुली झाली, तेव्हा वास्को-पणजीचा हिशोब थोडा भरवशाचा झाला. थोडाच, हे मागाहून कळलं.

पणजीच्या स्टँडवर उतरून जुन्या गोव्याची बस शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत. जुन्या गोव्याची एक सोय अशी की उतरलं की सगळं पायांखाली. रस्त्याच्या एका अंगाला बॉम जेझूची बॅसिलिका, १५९४ मध्ये बांधायला घेतलेली. समोर से कॅथेड्रल. १९८६ मध्ये युनेस्कोने ही चर्चं जागतिक वारशाच्या यादीत घातली. रविवारी सकाळी गेलात तर प्रार्थना चालू असते, तेव्हा मागे शांत उभं राहावं, फोटो काढत फिरू नये.

थोडं पुढे, सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ, काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी आहे. आदिलशहाच्या वाड्याचं ते दार म्हणतात. वाडा गेला, भिंती गेल्या, दार तेवढं राहिलं. मी तिथे उभा राहिलो तो राहिलोच. बायको म्हणाली, "अजी, घड्याळ बघा." पाऊण वाजला होता. तिथेच मागे फिरायला हवं होतं. पण नदी समोर होती, आणि दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट धक्क्याला लागत होती. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. पाच-दहा मिनिटांत पलीकडे, लगेच अलीकडे, असं म्हणून मी तिला बोटीत चढवलं. पलीकडे गेलो लवकर. पण परतीच्या बोटीला मोटारी भरायच्या होत्या, आणि बोट काही माझ्या वहीतल्या आकड्यांवर चालत नव्हती. जुन्या गोव्याच्या थांब्यावर आलो तेव्हा दोनला दहा कमी होते.

पुढचं भराभर सांगतो. पणजी दोन वीस. शटलच्या खिडकीवर रांग, एक बस आमच्या डोळ्यांसमोर भरून गेली, दुसरी सुटली दोन पन्नासला. कुठ्ठाळीच्या पुढे एक ट्रक आडवा बंद पडलेला. बस उभी. बायकोला साखरेचा त्रास आहे, दुपारच्या गोळ्या जहाजावरच्या खोलीत, जेवण झालेलं नाही, बसमध्ये पिशवीत होती ती दोन केळी. ती काही बोलत नव्हती, आणि तिचं ते न बोलणं मला ट्रकपेक्षा जड झालं. वास्कोला चार वाजता उतरलो. रिक्षा, बंदराचं दार, तपासणी, आतली गाडी. जिन्यावर पाय ठेवला तेव्हा चार चोवीस. राखून ठेवलेल्या तासातली सहा मिनिटं शिल्लक होती.

माझे आजोबा सत्तरच्या दशकात हजला गेले ते मुंबईहून जहाजाने. मुंबई-जेद्दा जहाजं १९९५ पर्यंत चालली. नाशिकहून ते आठ दिवस आधी निघाले आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात जाऊन राहिले. घरचे म्हणत, एवढी घाई कशाला? ते म्हणत, जहाज मी धरायचं आहे, जहाजाने मला नाही. खोलीत गोळी घेऊन झाल्यावर बायकोने मला तेवढी आठवण करून दिली.

जहाज पाच मिनिटं का थांबत नाही, असं वाटतं खरं. आमच्या टेबलावरचे सिन्नरचे एक गृहस्थ म्हणाले, दोन माणसं राहिली तर कळतं ना त्यांना, कार्डावर नोंद असते. कळतं. पण बंदरातून जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट चढतो, ओढायला टग बोटी लागतात, आणि ही माणसं व बोटी ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जहाजासाठी असतात. धक्क्याचं भाडं चढत असतं, मागे दुसरं जहाज असू शकतं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर साधारणपणे जहाज थांबतं, कारण तो त्यांचा शब्द असतो. आपण आपल्या जबाबदारीवर उतरलेलो. त्या महाग तिकिटात ही एक हमी असते, हे मान्य करायला हवं. ज्यांना चालायला त्रास आहे, लहान मूल बरोबर आहे किंवा परका देश आहे, त्यांनी पहिल्या बंदराला ती सहल घेतली तर त्यात कमीपणा नाही.

आणि चुकलंच तर? बसमध्ये अडकलो असताना मी हाच विचार करत होतो. आमचं जहाज गोव्याहून परत मुंबईलाच येणार होतं. वास्कोहून मडगाव तीसएक किलोमीटर, बस आहे. मडगावहून संध्याकाळी कोकणकन्या सुटते आणि पहाटे मुंबईत येते. साध्या डब्याचं तिकीट काढून हालहाल होत का होईना, आम्ही मुंबई गाठली असती आणि बॅलार्ड पिअरला सामान ताब्यात घेतलं असतं. हे सुचल्यावर छातीतली धडधड कमी झाली. जहाज पुढे कोचीला किंवा लक्षद्वीपला जाणार असतं तर गोष्ट वेगळी. म्हणून पुढचं बंदर कोणतं आणि जमिनीवरून तिथे कसं जाता येतं, हेही त्याच वहीत लिहून ठेवावं. त्याखाली बंदरातल्या एजंटचा फोन नंबर. तो जहाजाच्या रोजच्या कागदावर असतो, नसेल तर विचारून घ्यावा.

खांद्याच्या पिशवीत काय हवं? आधार कार्ड किंवा पासपोर्टची प्रत, जहाजाचं कार्ड, दिवसाची नव्हे तर दोन दिवसांची औषधं, पाणी, खायला काहीतरी, सुटे पैसे. मोबाइलवर सगळं होतं असं मुलं म्हणतात. मोबाइलची बॅटरी चारच्या सुमारास संपते हा माझा अनुभव. परदेशात आणखी एक बघायचं: जहाजावरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ एकच वेळ दाखवतात का. आपल्या किनाऱ्यावर ती अडचण नाही.

आधी पैसे भरून काही ठरवू नये, कारण जहाज उशिरा लागू शकतं आणि हवा बिघडली तर बंदर गाळूही शकतं. आणि हाताशी एक जवळचा बेत असावा. मुरगावला उशीर झाला तर पणजीचं नाव काढू नका. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं, अंगणात जुनी विमानं उभी आहेत, वास्कोपासून जवळ. सोमवारी मात्र बंद. मुंबईत उतरणाऱ्या पाहुण्यांनाही सोमवारचंच सांगावं लागतं, घारापुरीची लेणी त्या दिवशी बंद असतात.

बायको आता कोचीचं म्हणते आहे. तिथे जहाज विलिंग्डन बेटाला लागतं, समोर फोर्ट कोची आणि मट्टनचेरी. २०२३ पासून शहरात विजेवर चालणाऱ्या वॉटर मेट्रोच्या बोटीही आहेत. मट्टनचेरीचं ज्यू लोकांचं सिनेगॉग १५६८ चं, शनिवारी बंद. मी वही काढली आहे. या वेळी परतायची वेळ तळाशी तिने स्वतःच्या हाताने लिहिली आहे आणि राखीव तासाचे दीड तास केले आहेत.